वजाबाकीची रंगभूमी : होतकरूंसाठी सहा धडे

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडात प्रायोगिक नाटक करायचे तुम्ही मनावर घेतले आहे. उत्तम. प्रतिभा असल्यास हरकत नाही, नसली तरी अडत नाही. नाटकातून काय काढून टाकायचे एवढे ठरवा. जुन्या मंडळींनी रंगमंचावर काय काय आणून ठेवले होते! बीअरबोम ट्री यांनी ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये जिवंत ससे सोडले. तुम्ही सशांपासून सुरुवात करा आणि मग हात आखडू नका.

धडा पहिला : नेपथ्य काढणे

यातले गुरू विल्यम पोएल. शेक्सपिअरला रंगवलेले पडदे ठाऊक नव्हते, मग आपल्याला कशाला हवेत, हा त्यांचा सवाल. १८९३मध्ये ‘मेजर फॉर मेजर’ करताना त्यांनी नेपथ्य हटवले. त्यासाठी रॉयल्टी थिएटरच्या आत एलिझाबेथकालीन रंगमंच उभा केला आणि त्या काळचे कपडे घातलेले प्रेक्षकही वर आणून बसवले. नेपथ्य काढायला किती नेपथ्य लागते, याचा अंदाज आधीच बांधून ठेवावा. १९०१मध्ये त्यांनी चार्टरहाऊसच्या अंगणात ‘एव्हरीमॅन’ हे मध्ययुगीन नाटक केले. त्याचा लेखक अज्ञात आहे. तालमीला येऊन नाक खुपसणार नाही आणि मानधनही मागणार नाही, असा लेखक नवशिक्याने जरूर निवडावा.

धडा दुसरा : सेन्सॉर काढणे

१८४३च्या कायद्याप्रमाणे १९६८पर्यंत नाटकाची संहिता आधी लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत द्यावी लागे. आपल्याकडच्या परिनिरीक्षण मंडळाचा हा विलायती थोरला भाऊ. शतकाच्या आरंभी तिथे संहिता तपासणारे रेडफर्डसाहेब पूर्वी बँकेत मॅनेजर होते, तेव्हा नीतीचा हिशेब चोख असणार. बर्नार्ड शॉचे ‘मिसेस वॉरेन्स प्रोफेशन’ या कचेरीने अडवले.

उपाय सोपा आहे. १८९९मध्ये निघालेल्या स्टेज सोसायटीप्रमाणे तिकिटे विकणे बंद करावे, सभासदांकडून वर्गणी घ्यावी आणि प्रयोग खासगी आहे असे सांगावे. वार रविवारचा धरावा. त्या दिवशी थिएटरे बंद असत आणि नट मोकळे. पहिल्याच प्रयोगाला पोलीस येतील. त्यांनाही कार्यक्रम खासगी आहे असेच सांगावे. १८९३मध्ये लिहिलेले ‘मिसेस वॉरेन’ या वाटेने १९०२मध्ये रंगमंचावर आले. इंग्लंडात त्याचा जाहीर प्रयोग व्हायला १९२५ उजाडले. म्हणून प्रायोगिक लेखकाने तब्येत सांभाळावी.

धडा तिसरा : फूटलाइट काढणे

हार्ली ग्रॅनव्हिल बार्कर यांनी १९१२ ते १९१४ या काळात सॅव्हॉय थिएटरात शेक्सपिअरची तीन नाटके केली. त्यांनी फूटलाइट काढले, रंगमंच पुढे प्रेक्षागृहात वाढवला, संहितेत जवळपास कात्री लावली नाही आणि नटांना भरभर बोलायला लावले. ‘ड्रीम’मधल्या पऱ्यांना जाळीदार पंख न देता नखशिखांत सोनेरी रंग फासला. प्रेक्षक अचंबित झाले, काही चिडले. दोन्ही लक्षणे शुभ समजावीत.

धडा चौथा : नट काढणे

हा धडा अवघड आहे, कारण तो वाचून दाखवायलाही नट लागतो. एडवर्ड गॉर्डन क्रेग स्वतः नट, आई एलेन टेरी त्या काळची सर्वांत लाडकी नटी. नटाच्या भावना कधी दगा देतील सांगता येत नाही, तेव्हा त्याच्या जागी एक भव्य कळसूत्री बाहुली असावी, असे क्रेगने १९०८मध्ये मांडले. हे मांडायला त्याने फ्लॉरेन्सहून ‘द मास्क’ नावाचे मासिक काढले आणि त्यातले बरेचसे लेख नाना टोपणनावांनी स्वतःच लिहिले. लेखकही काढून टाकल्यासारखाच.

१९१२मध्ये मॉस्कोत त्याने स्तानिस्लाव्हस्कींबरोबर ‘हॅम्लेट’ केले. नेपथ्य म्हणून सरकते उंच फलक. पहिल्या खेळाच्या तोंडावर ते एकामागून एक कोसळले, असे स्तानिस्लाव्हस्कींनी आत्मचरित्रात लिहिले. क्रेगने ते साफ नाकारले. बाहुल्या आत्मचरित्र लिहीत नाहीत, हा त्यांचा मोठाच फायदा.

धडा पाचवा : पैसे

हे काढता येत नाहीत, फक्त दुसऱ्याच्या खिशातून काढता येतात. १९०३मध्ये इम्पीरिअल थिएटरात क्रेगच्या नेपथ्यापायी आईचे पैसे बुडाले. आई नटी नसेल तर चहाचा व्यापार असलेले घराणे गाठावे. ॲनी हॉर्निमन यांनी चहाच्या पैशावर डब्लिनचे ॲबी थिएटर उभे केले आणि १९०८पासून मँचेस्टरचे गेइटी चालवले.

कुणीच सापडले नाही तर बर्नार्ड शॉ लावावा. कोर्ट थिएटरात बार्कर आणि व्हेड्रेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात नव्या नाटकांचा हंगाम चालवला. एकूण प्रयोग ९८८, त्यांपैकी ७०१ शॉचे. बाकी सगळे वजा करता येते, हा गृहस्थ मात्र शिल्लक राहतो.

धडा सहावा : उरलेसुरले

प्रगत विद्यार्थ्यांनी केंब्रिजच्या टेरेन्स ग्रेचा कित्ता गिरवावा. १९२६मध्ये त्याने फेस्टिव्हल थिएटरची दर्शनी चौकट काढली आणि रंगमंच पायऱ्यांनी प्रेक्षागृहाला जोडला. पुढे आठव्या हेन्रीच्या दरबाराला पत्त्यांतल्या राजा-राण्यांचा वेश दिला. १९३३मध्ये त्याने थिएटरच सोडले. नंतर तो तिरुवन्नमलईला रमण महर्षींच्या आश्रमात राहून आला आणि १९५८पासून ‘वेइ वू वेइ’ या नावाने पुस्तके लिहू लागला. त्यांचे सार असे, की ‘मी’ म्हणून कुणी वेगळा नसतोच.

वजाबाकी इथे पूर्ण होते. पुस्तके सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, १९५७मध्ये, याच ग्रेच्या झरथुस्त्र नावाच्या घोड्याने ॲस्कॉटचा गोल्ड कप जिंकला होता. मालक म्हणून तो कप कुणाचा झाला, हा प्रश्न परीक्षेत येणार नाही.