सुटलेली नाडी, चढलेला पारा

रायगडातल्या अलिबाग-पेणच्या गावांत कबड्डीचा सामना जिंकायला दम लागतो, आघाडी टिकवायला मात्र बुटाची नाडी पुरते. शेवटची दोन मिनिटं उरली की ती हमखास सुटते. पोटरीत गोळाही नेमका तेव्हाच येतो. समोरच्याचा पारा चढतो, तो पंचांच्या अंगावर जातो आणि पिवळं कार्ड घेऊन दोन मिनिटं बाहेर बसतो. नाडीवाल्याला आणखी काय हवं?

थोरांची तऱ्हा वेगळी. ७ ऑक्टोबर २०२३ला हांगझोऊत आशियाई स्पर्धेचा भारत-इराण अंतिम सामना २८-२८वर लॉबीच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यांच्या, नियमावरून अडला. खेळाडू मॅटवरच बसले. पंचांचा निर्णय फिरत राहिला, तासभर खेळ बंद.

शेवटी भारत ३३-२९ने जिंकला. रायगडात एवढ्या वेळात आयोजकांनी मैदानावरचे दिवेच मालवले असते.