मॅपवाले काकाजी

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जायचे रस्ते दोन. एक धामणगाव गढीवरून, दुसरा घटांगवरून. काकाजींना दोन्ही पाठ. कोणत्या वळणावर पावसाळ्यात दगड घसरतात आणि कुठं गाडी दुसऱ्या गिअरवर घ्यावी लागते, हे ते पलंगावर पडल्या पडल्या सांगतील. तरीही गाडी फाटकाबाहेर निघायच्या आधी ते खिशातून फोन काढतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं फोनवर ओरडतात, "चि-ख-ल-द-रा!"

पाहणाऱ्याला वाटेल, म्हातारा रस्ता विसरला. अजिबात नाही. काकाजी फोनला रस्ता विचारत नाहीत, त्याची तोंडी परीक्षा घेतात. त्यानं बरोबर सांगितलं तर "हाव, हुशार हाये" म्हणून मान डोलावतात. चूक सांगितलं तर मात्र चेहरा असा खुलतो, की काकू मागच्या सीटवरून म्हणतात, "झालं! सापडली चूक. आता दोन दिवस हेच ऐका."

काकाजींची आरामशीन आहे. परतवाड्याचा सागवान तालुक्याबाहेर नावाजलेला, आणि काकाजी पडलेल्या लाकडाकडे नुसतं पाहून घनफूट सांगतात. असा माणूस घाट चढताना गाडी थांबवतो, खाली उतरतो आणि सागाच्या पानाचा फोटो काढतो. का, तर फोनमध्ये झाडं ओळखायचं ॲप आहे. आम्ही सगळे उन्हात उभे. फोन विचार करतो. शेवटी 'साग' असं उत्तर येतं. "पास झाला," काकाजी म्हणतात, आणि गाडीत बसतात.

घरच्या सहलीची तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. काकू धपाटे, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या बघतात. काकाजी ॲप अपडेट करत बसतात. फोनमध्ये जागा नाही असं फोन सांगतो, तेव्हा जमा झालेली गुलाबाच्या फुलांची सुप्रभातं एकेक पुसली जातात. पुसताना "हा कोनं पाठवला होता बे?" असं प्रत्येकाचं चरित्र. मग मेळघाटचा नकाशा उतरवून घेतात, कारण घाटात रेंज जाते आणि तीच त्यांची खरी घटका असते. सगळ्या पोट्ट्यांचे फोन मुके झालेले, आणि काकाजींच्या फोनवर निळा ठिपका हिरव्या रंगातून तुरुतुरु चाललेला. "रेंज नसली तरी वरून सॅटेलाईट पाहून रायला ना! तुमी लोकायनं नकाशा उतरवला नाई." एवढं बोलून ते आमच्याकडे बघत नाहीत, ठिपक्याकडे बघतात.

गाडीतल्या सातही जणांना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवायचं, हा त्यांचा नियम. "अहो, आम्ही तुमच्याच गाडीत आहो ना!" काकू म्हणतात. "असू दे. मालूम असावं," काकाजी म्हणतात.

काकूंचं ॲप म्हणजे गाडीची काच. ती खाली करायची आणि समोर दिसेल त्याला "भाऊ, इकळून जाते का?" असं विचारायचं. काकाजींना हा स्वतःचा अपमान वाटतो. गाविलगडावर एकदा ते होकायंत्राचं ॲप उघडून उत्तर दिशा शोधत होते. १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला, उत्तरेच्या बाजूनं डोंगरातून जड तोफा ओढून आणल्या, हे ते आम्हाला सांगत होते. काकू दगडावर बसून संत्रं सोलत होत्या. "इंग्रजायनं तोफा आनल्या थ्या का मॅप पाहून?" "मग?" "गावकऱ्यायले इचारलं असंल." काकाजींनी होकायंत्र बंद केलं आणि संत्र्याच्या दोन फोडी घेतल्या.

रेल्वेचं ॲपही आहे. आता परतवाड्याच्या माणसाला बहुतेक गाड्या धरायच्या तर बडनेऱ्याला जावं लागतं, तिथं फलाटावर उभं राहून 'गाडी कुठवर आली' हे ते अनोळखी लोकांनाही सांगतात. पण घरी निवांत असताना ते कधी कधी अचलपूर ते मूर्तिजापूर टाकून बघतात. शकुंतला बंद आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. नॅरोगेजची ती गाडी चारेक तास घ्यायची आणि लहानपणी ते तिच्यातून आजोळी जायचे. "पाहून रायलो, सुरू झाली का," म्हणतात आणि फोन उलटा ठेवतात.

सगळ्यात कठीण असतो तो शेगावचा प्रवास. फोन सांगतो, अमुक वाजता पोहोचाल. झालं, काकाजी त्या वेळेशी शर्यत लावतात. कोणी "जरा थांबा" म्हटलं की पोहोचायची वेळ चार मिनिटांनी पुढं सरकते, आणि ती चार मिनिटं कोणाच्या नावावर गेली हे गाडीत जाहीर होतं. अंजनगावला चहा नको. पथ्रोटला तर नाव काढायचं नाही. नातवाला पोटात कळ आली तेव्हाही ते आधी स्क्रीनकडे बघून म्हणाले, "अकोट अठरा मिनिटं हाये, धरशीन?" पोरानं धरली नाही.

अकोटला मात्र थांबावंच लागतं, कारण तिथं लेकीचं सासर. व्याह्यांचं बाजारात कापडाचं दुकान आहे. काकाजी गेल्या वर्षापासून मॅपवर दिसेल त्या जागेला तारे देतात. भीमकुंडाला पाच, बहिरमच्या जत्रेतल्या हंडीच्या मटणाला पाच, एका पेट्रोलपंपाच्या संडासाला एक, तोही नाइलाजानं, शून्य देता येत नाही म्हणून. व्याह्यांच्या दुकानाला त्यांनी चार दिले. खाली लिहिलं, 'माल चांगला. वागणूक आपुलकीची. चहा मिळतो.'

लेकीचा फोन आला तो थेट काकूंना. सासरे काही बोलले नव्हते, पण जेवताना दोनदा "चार" म्हणाले होते. काकूंनी फोन ठेवला आणि काकाजींसमोर उभ्या राहिल्या. "पोरीचं सासर हाये थे! एक तारा कायले कापला?"

काकाजींनी चष्मा वर केला. "पाच कसे देऊ? पार्किंग नाई ना तथी!"