काहीतरी भागवलं

आमच्या मजल्यावरच्या वहिनी माहेरच्या सोलापूरच्या, सासरच्या चिपळूणच्या. संसार कोथरूडला थाटला, म्हणजे नकाशावर तडजोड झाली; स्वयंपाकघरात कसली होतेय! तिथे लग्नापासून चिपळूणचंच राज्य आहे. आमटीत आमसूल आणि गूळ, भाजीवर ओलं खोबरं, आणि लसूण फक्त औषधापुरती.

मोहोर आला की कलमं बघायला दादा गावी जातात. निघताना चेहरा अपराधी. "तू एकटीपुरतं काही करायची नाहीस, उपाशीच झोपशील." त्यावर वहिनी "माझं काय, भागवेन काहीतरी," असं इतक्या क्षीण आवाजात म्हणतात, की एसटी कुंभार्ली घाट उतरेपर्यंत दादांच्या घशाखाली डबा उतरत नसावा.

ही भागवणारी बाई प्रत्येक सोसायटीत असते. घरच्यांना डावं-उजवं साग्रसंगीत वाढणारी, आणि स्वतःवर वेळ आली की दहीभात खाऊन निजणारी, अशी तिची ख्याती असते. ही ख्याती बहुधा तिनंच पसरवलेली असते.

कारण संध्याकाळी सातच्या सुमारास वहिनींच्या दाराच्या फटीतून लसणीच्या फोडणीचा पहिला लोट बाहेर येतो आणि जिना खोकायला लागतो. आत काय चाललंय ते मला पाठ आहे. सकाळची वाटीभर आमटी उरलेली असते. (ती उरते कशी, हे दादांनी कधी विचारलेलं नाही.) तिच्यात पाणी, वर फोडणी, आणि मग येसर. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले एकत्र दळलेलं हे पीठ सोलापूरकडच्या घरात नाही असं होत नाही. दोन चमचे पाण्यात कालवून सोडलं की पहिली उकळी फुटायच्या आत चिपळूणची आमटी पक्षांतर करून सोलापूरला मिळालेली असते. वर तांबडी तर्री. एरवी सासूबाईंच्या 'रुचिरा'तल्या वाटी-चमच्याबाहेर पाऊल न टाकणाऱ्या वहिनी त्या दिवशी तिखट मुठीनं घालतात.

मग माळ्यावरचा 'पणत्या' अशी चिठ्ठी लावलेला डबा खाली येतो. त्यात कडक भाकऱ्या. पापडासारख्या पातळ, महिना झाला तरी कुरकुरीत. शेंगाचटणी च्यवनप्राशच्या बरणीत, कारण दादा च्यवनप्राशाकडे ढुंकून बघत नाहीत. चटणी कुटलेली हवी, तेल सुटेपर्यंत. मिक्सरमधून काढलेल्या चटणीला वहिनी 'शेंगदाण्याचा भुसा' म्हणतात, आणि मलाही ते पटतं. भाकरी त्याच पातेल्यात चुरायची, कांदा बुक्कीनं फोडायचा, जमिनीवर मांडी घालायची. पंधरा मिनिटांत पान तयार, घासायला भांडं एक.

(दादा एकटे असले की मुगाची खिचडी लावतात. तिला चार भांडी आणि तीन फोन लागतात, आणि तिची हकीगत पुढे शिमग्यापर्यंत पुरते. पण तो वेगळा विषय.)

साडेआठला बंगळुरूच्या मुलीचा व्हिडिओ कॉल. वहिनी मोबाईल छताकडे धरतात.

"आई, जेवलीस का?"

"हो गं, भागवलं काहीतरी." इथे तिखटानं नाक वाहत असल्यामुळे एक सुस्कारा आणि एक हुंदकासदृश आवाज.

"रडतेयस का तू? पंखा काय दाखवतेस? चेहरा दाखव आधी!"

चेहरा दाखवावा लागतो. डोळे लाल, नाकाचा शेंडा लाल. मुलीच्या पोटात कालवतं. अर्ध्या तासात पनीर मखनी आणि बटर नान घेऊन एक मुलगा दारात हजर. वहिनी पिशवी हातात घेतात आणि तशाच समोरच्या, म्हणजे आमच्या, दारावर टकटक करतात. या माउलीचं एकटेपण आमच्या घराला चांगलंच मानवलेलं आहे. गेल्या खेपेला तर गुलाबजामही होते.

दोन दिवसांनी दादा परततात. दारातच थबकून हवेत नाक फिरवतात.

"लसणीचा वास येतोय का गं?"

"शेजारचे," वहिनी सांगतात. "ते खातात हो फार."

मग दादा मला जिन्यात गाठतात, खांद्यावर हात ठेवतात आणि या वयात पित्त कसं सांभाळावं, यावर कळकळीनं बोलतात. मी निमूट मान डोलावतो. खाल्ल्या पनीरला जागायला नको?