पाच सेंटिमीटरचा फरक

माझ्या मावसबहिणीचा न्यू जर्सीहून फोन आला. तिचे आईबाबा मे महिन्यात पुण्याहून तिच्याकडे जाणार आहेत. मुलांच्या शाळा संपल्या की सगळ्यांनी मिळून क्रूझ करायचीय. गेले तीन आठवडे त्या घरात एकाच प्रश्नाचा कीस पाडणं चाललंय : 'आयकॉन ऑफ द सीज' की 'स्टार ऑफ द सीज'? तिने चक्क तक्ता केलाय. घसरगुंड्या किती, पूल किती, रेस्टॉरंटं किती. नवरा आयकॉनच्या बाजूने, थोरला मुलगा स्टारच्या. "ताई, तू दोन मोठ्या क्रूझ केल्यास ना, मग सांग."

मी म्हटलं, आधी तो तक्ता फाडून टाक.

दोन्ही जहाजं फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीत बांधलेली, एकाच आराखड्यावरची. लांबी दोन्हींची ३६५ मीटर. डेक दोन्हीकडे वीस. ग्रॉस टनेज २,४८,६६३, म्हणजे टायटॅनिकच्या पाचपटीहून जास्त. पाण्याच्या घसरगुंड्या इथे सहा, तिथेही सहा. आयकॉनवर 'विझर्ड ऑफ ऑझ'चा प्रयोग होतो, स्टारवर 'बॅक टू द फ्यूचर'चा. एवढ्यासाठी घराने तीन आठवडे कीस पाडायचा?

खरा फरक तिच्या तक्त्यात नव्हताच. आयकॉन जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून सुटू लागलं, स्टार ऑगस्ट २०२५ मध्ये पोर्ट कॅनव्हेरलहून. पोर्ट कॅनव्हेरल ऑर्लँडोपासून गाडीने तासाभरावर आहे, मायामी साडेतीन-चार तासांवर. तिच्या मुलांना आधी दोन दिवस डिस्ने वर्ल्डला जायचंय. बरोबर सत्तरीतले आईबाबा, सहा बॅगा आणि भाड्याची गाडी. तर हा फरक धर. जहाजाचा आकार, रंग, पूल यांचं नंतर बघू.

हे मी ठासून सांगते, कारण याच प्रश्नावर मी स्वतः दोन वर्षं चुकीचं उत्तर देत होते.

आम्ही आधी 'अल्युअर ऑफ द सीज' केली आणि दोन वर्षांनी 'ओॲसिस ऑफ द सीज'. दोन्ही वेळा फ्लॉरिडातून सात रात्री. सासूबाई, सासरे, आम्ही दोघं, मुलगी, जावई आणि नात. ही जहाजंही सख्ख्या बहिणी. ओॲसिस २००९ची, अल्युअर २०१०ची, गोदी तीच तुर्कूची. सुमारे ३६२ मीटर लांबीच्या या जोडीत अल्युअर फक्त पाच सेंटिमीटरने लांब आहे, आणि तेही कुणी ठरवून केलेलं नाही. तरी ओॲसिसवरून परतल्यावर आमच्या घराने एकमुखाने निकाल दिला की ओॲसिस कितीतरी चांगली. मीही दिला. विचारणाऱ्या दहाजणांना तेच सांगितलं.

मग एका दुपारी दोन्ही सहलींचे फोटो एका अल्बममध्ये लावायला बसले. पहिल्या सहलीच्या संध्याकाळच्या एकाही फोटोत सासूबाई नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत, शेवटच्या रात्रीसुद्धा नाहीत. दुसऱ्या सहलीत प्रत्येक फोटोत त्या मधोमध.

त्याचं कारण मला तेव्हाच ठाऊक असायला हवं होतं. पहिल्या वेळी थोडे डॉलर वाचवायला आम्ही केबिन घेतली ती अगदी नाळेकडची, जहाजाच्या पुढच्या टोकाला. या जहाजांचं मुख्य डायनिंग रूम असतं पार मागच्या टोकाला. बुफेही वरच्या डेकवर, पण मागेच. केबिनपासून जेवणापर्यंत पाव किलोमीटर धरा. जाऊन-येऊन अर्धा. तीन वेळा खायचं तर दीड किलोमीटर झालं फक्त पोटासाठी. नाट्यगृह पुन्हा पुढच्या टोकाला, म्हणजे जेवून प्रयोगाला जायचं तर अख्खं जहाज तुडवायचं. कॉरिडॉर इतका सरळ की त्याचं टोक दिसत नाही, दोन्ही बाजूंना सारखीच दारं, आणि बसायला एक स्टूलही नाही. ज्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्यात त्या बाईंनी पहिल्या रात्री ते अंतर काटलं. दुसऱ्या रात्री म्हणाल्या, "मला भूक नाही, तुम्ही जा." तिसऱ्या रात्रीही तेच. घरी पानातलं शितही न टाकणारी बाई भूक नाही म्हणतेय, आणि आम्हाला वाटलं समुद्राची हवा बाधली असेल. केबिनमध्ये सँडविच मागवून दिलं आणि आम्ही प्रयोगाला गेलो. व्हीलचेअरचं नाव काढलं असतं तर त्यांनी झिडकारलंच असतं. पण आम्ही नावसुद्धा काढलं नाही.

दुसऱ्या वेळी केबिन मिळाली मध्यावर, लिफ्टच्या जवळ. त्यामागेही विचार नव्हता, पुढच्या केबिन संपल्या होत्या इतकंच. अंतर निम्म्यावर आलं आणि सासूबाईंना भूक लागायला लागली. आम्ही त्याचं श्रेय जहाजाला दिलं.

दुसरी गोष्ट जेवणाच्या वेळेची. या जहाजांवर रात्रीच्या जेवणाची ठरावीक वेळ घेता येते : तेच टेबल, तेच वेटर, सातही रात्री. नाहीतर हवं तेव्हा जाऊन बसायची मुभा घेता येते. पहिल्या वेळी आम्हाला मुभा हवी होती. तिचा परिणाम असा की मुलगी-जावई साडेआठला जेवत, आम्ही साताला, सासरे पाचलाच बुफेतून फळं खाऊन मोकळे. नात लहान मुलांच्या क्लबात, तिथे तीन वर्षांपासून पुढच्या मुलांना घेतात. सातजण एका जहाजावर, आणि आठवड्यात एकत्र जेवलो दोनदा. इतक्या मोठ्या जहाजाचा स्वभावच तो. कुणालाही कंटाळा येऊ नये म्हणून प्रत्येकाला वेगळीकडे न्यायची सोय त्यात पुरेपूर आहे. एकत्र आणायची जागा एकच, ते जेवणाचं टेबल. तेवढीच आम्ही सोडून दिली होती.

दुसऱ्या वेळी जावयाने परस्पर साडेपाचची वेळ घेतली. मी कुरकुरले, साडेपाच ही काय जेवायची वेळ? पण पाच वर्षांच्या मुलीची आणि ऐंशीच्या माणसाची तीच असते.

त्या टेबलावरचं एक सांगते. सासरे माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांना पूल नको होता, प्रयोग नको होता. ते रोज सकाळी जहाजाच्या पाठच्या कठड्याशी उभं राहून पाण्यात मागे उठणारा पांढरा पट्टा बघत. या जहाजांना सुकाणू नसतं. खाली विजेवर चालणारे तीन प्रॉपेलर टांगलेले असतात, प्रत्येकी वीस मेगावॉटचे, आणि ते स्वतःभोवती फिरूनच जहाज वळवतात. हे त्यांनी नातीला समजावलं डाळीच्या वाटीत चमचा धरून. चमचा सरळ धरला की डाळ मागे जाते, तिरका धरला की वाटी वळायला बघते. तिने आपल्या वाटीत करून पाहिलं, डाळ टेबलक्लॉथवर सांडली, सासूबाईंनी पदराने पुसली. मग सासऱ्यांनी तिला सांगितलं की हे जहाज पहिल्यांदा बाल्टिकमधून बाहेर पडलं तेव्हा डेन्मार्कच्या एका पुलाखालून जाण्यासाठी त्याला आपली धुराडी आत ओढून घ्यावी लागली होती. तेव्हापासून ती प्रत्येक पूल आला की मान खाली घालते.

डाळ कुठून आली म्हणाल, तर पहिल्या रात्रीच भारतीय शाकाहारी हवं म्हणून सांगून ठेवलं की ते रोज टेबलावर येतं. त्यासाठी बॅगेत ठेपल्यांची चळत न्यावी लागत नाही. आमचा वेटर सासष्टीचा, दक्षिण गोव्यातला. सासूबाई मालवणच्या. पहिल्या रात्री दोघं इंग्रजीत अडखळले, दुसऱ्या रात्री त्याची कोकणी आणि त्यांची मालवणी यांची गाठ पडली. तिसऱ्या रात्री त्याने न सांगता एका बशीत चिरलेली हिरवी मिरची, मीठ आणि लिंबाची फोड आणून त्यांच्यासमोर ठेवली. आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, त्यातले पाच सरलेले. त्याची मुलगी पाचवीत. आमच्या नातीला खुर्चीत उचलून बसवताना तो दर वेळी तिच्या उंचीचा अंदाज घेई, आणि एकदा त्याने विचारलं की या वयाच्या मुली वर्षाला किती वाढतात.

गोव्यातल्या आणि तळकोकणातल्या कितीतरी घरांचे संसार असे बोटीवरच्या पगारावर उभे आहेत. २०२०च्या टाळेबंदीत त्यातले कित्येकजण आठवडेच्या आठवडे जहाजांवर अडकून पडले होते. म्हणून आपल्या लोकांची एक सवय मला सहन होत नाही. या क्रूझवर टीप माणशी दिवसाला ठरलेली असते, साधारण अठरा डॉलर किंवा थोडी वर, आणि ती बिलात आपोआप धरली जाते. शेवटच्या दिवशी ती रक्कम काढून टाका म्हणून काउंटरवर रांग लावणारे आपल्या भाषेत बोलणारे लोक मी दोन्ही सहलींत पाहिलेत. आठवडाभर मिरची-लिंबू खाऊन झाल्यावर! ज्यांना परवडत नसेल त्यांनी बाल्कनीऐवजी आतली केबिन घ्यावी. वेटरच्या ताटातलं काढू नये.

बाल्कनीवरून आठवलं. या जहाजांचा मध्यभाग वरून उघडा असतो. आत बारा हजारांवर झाडाझुडपांची बाग आहे, आणि पुष्कळशा बाल्कन्या त्या बागेवर उघडतात. बुकिंग करताना 'बाल्कनी' एवढंच वाचून स्वस्तातली घेतली तर पडदा सरकवल्यावर झाडं दिसतात आणि समोरच्या केबिनमधला माणूस दात घासताना दिसतो. बाग सुंदर आहे, पण आईबाबांना समुद्र दाखवायचा असेल तर समुद्राकडची बाल्कनी असं नीट वाचून घ्या.

आणि घसरगुंड्या? तो एक फरक खरा होता. ओॲसिसवर २०१९च्या डागडुजीत पाण्याच्या घसरगुंड्या आल्या, शिवाय दहा मजली उंचीवरून खाली येणारी ती मोठी कोरडी घसरगुंडीही आली. अल्युअरला त्या मिळाल्या थेट २०२५मध्ये. आम्ही अल्युअरवर गेलो तेव्हा त्या नव्हत्या, ओॲसिसवर होत्या. घरातल्या मतदानात हा मुद्दा सगळ्यात जोरात मांडला गेला. पण मोठ्या घसरगुंडीला किमान उंची लागते ४४ इंच, आणि नात तेवढी भरली नाही. मुलगी-जावई एकेकदा जाऊन आले. नातीला विचारा तिला काय आवडलं, तर ती सांगते लाकडी घोड्यांचं चक्र. ते दोन्ही जहाजांवर होतं. ती दोन्ही जहाजांवर त्याच एका निळ्या खोगिराच्या घोड्यासाठी थांबली, असा तिचा ठाम दावा आहे.

बहिणीला हे सगळं फोनवर सांगायला पाऊण तास लागला. ती म्हणाली, मग विचारायचं तरी काय? मी तीन प्रश्न दिले. काकांना, म्हणजे तुझ्या बाबांना, एका दमात किती पावलं चालवतं? धाकट्याला झोप किती वाजता येते? सातही रात्री एका टेबलावर बसायला सगळे तयार आहेत का? तिसऱ्या प्रश्नावर ती गप्प झाली, कारण थोरला चौदा वर्षांचा आहे. त्याच्या वयाच्या मुलांचा क्लब रात्री उशिरापर्यंत चालतो. मी म्हटलं, त्याला साडेपाच ते सात एवढंच माग. बाकी रात्र त्याची.

आठ दिवसांनी तिचा मेसेज आला. स्टार घेतलंय, बंदर जवळ म्हणून. केबिन मध्यावरची, लिफ्टपासून चार दारं. समुद्राकडची बाल्कनी. जेवण लवकरच्या वेळेला. काकांना तिने व्हिडिओ कॉलवर सोसायटीच्या आवारात चालायला लावलं होतं. गेटपासून मागच्या पार्किंगपर्यंत ते न थांबता गेले, परत येताना एकदा कट्ट्यावर टेकले. तिने ते अंतर नकाशावर मोजलं : एकशे ऐंशी मीटर. आता ती मला विचारतेय, जहाजाच्या मध्यावरून डायनिंग रूमपर्यंत वाटेत कुठे टेकायला जागा असते का, आणि असेल तर नेमकी कुठल्या डेकवर.