ओट्सप्रकरणी सविनय खुलासा

एडिंबरो, शनिवार

तीर्थरूप आबांचे चरणी थोरल्याचा कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. धाकट्याने दिवाळीची भेट म्हणून वाईच्या घरी मायक्रोवेव्ह आणून बसविला, डॉक्टरांनी आपल्या कोलेस्टेरॉलचा आकडा पाहून सकाळच्या पोह्यांना मनाई केली व त्यांच्या जागी ओट्सचे फर्मान काढले, आणि आईने त्या यंत्रास आमरण हात न लावण्याचा निश्चय जाहीर केल्यामुळे ते फर्मान बजावण्याची कामगिरी आपणांस स्वतः पत्करावी लागली, हा सारा मजकूर वाचून आम्हां उभयतांस आनंद, चिंता आणि (आपण क्षमा करालच) किंचित हसू, अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या. ‘यंत्राच्या अंतर्भागी लापशीचा अनधिकृत प्रवेश झाल्याचे आढळून आले’ हे आपले वाक्य आपल्या सूनबाईंनी मोठ्याने वाचून दाखविले. काय घडले ते संपूर्ण सांगावे आणि कोणाच्या हातून घडले त्याचा उल्लेखही होऊ देऊ नये, ही जी विद्या आपण मामलेदार कचेरीत संपादन केली, ती निवृत्तीनंतरही शाबूत आहे, याचा आम्हांस अभिमान वाटतो. त्याच प्रकरणाचा आईने पत्राच्या समासात लिहिलेला पंचनामा मात्र कर्त्याच्या नावासह आहे. त्यातील मजकूर येथे पुन्हा उतरून काढीत नाही.

घोड्याचा खुराक माणसाने का म्हणून खावा, हा आपला आक्षेप तसा जुना आहे. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन या विद्वान इंग्रजाने 1755 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या शब्दकोशात नेमका हाच शेरा मारून ठेवला आहे. इंग्लंडात जे धान्य घोड्यापुढे घालतात त्यावर स्कॉटलंडात माणसे पोसली जातात, असा त्याचा आशय. त्यावर येथील एका सरदाराने, म्हणूनच इंग्लंडचे घोडे नामांकित आणि स्कॉटलंडची माणसे नामांकित, असा जबाब दिल्याची आख्यायिका आहे, आणि आमच्या शेजारच्या वृद्ध बाई ती आम्हांस दर हिवाळ्यात, जणू प्रथमच, ऐकवितात. या थंड व ओल्या मुलखात गव्हाचे पीक लहरी आणि ओट्सचे भरवशाचे, त्यामुळे हे धान्य येथे नुसते पोटात नव्हे, अभिमानातही जाऊन बसले आहे. उत्तरेकडील कारब्रिज नावाच्या गावी तर 1994 पासून लापशी शिजविण्याची जागतिक स्पर्धा भरते. तिच्या मुख्य विभागात ओट्स, पाणी आणि मीठ यांखेरीज चौथ्या जिनसाला मज्जाव आहे. तेव्हा आपला सल्ला आपण योग्य दरबारी विचारला आहे, एवढे समाधान असावे.

आता मूळ प्रकरण. ओट्स हे डॉक्टरांनी बंद केलेल्या पोह्यांचे परदेशी चुलतभाऊ समजावेत. दाणे वाफवून रुळांखाली चपटे केलेले. पाणी साठ अंशांच्या आसपास तापले की त्यांतील पिष्ट पाणी पिऊन फुगू लागते आणि भोवतालच्या द्रवास चिकट दाटपणा येतो. साध्या पाण्याला उकळी फुटली म्हणजे वाफ बिनबोभाट निसटून जाते. या चिकट द्रवात मात्र ती बुडबुड्यांत अडकते, ते बुडबुडे फुटावयाचे सोडून एकावर एक चढत जातात, आणि पाहता पाहता भांड्याच्या काठावरून राखी रंगाचा जाड ओघळ खाली उतरतो. पाण्याऐवजी दूध घेतले, तर दुधाचा मूळचाच उतू जाण्याचा स्वभाव त्यास येऊन मिळतो आणि मग विचारावयासच नको.

चुलीवर हे संकट येत नाही असे नाही, परंतु चुलीपाशी आई उभी असते. फेस वर येऊ लागताच ती आच कमी करते, पळी फिरविते, पदराने भांडे उतरविते, आणि हे सर्व करीत असता आपल्याशी भांडतही असते. मायक्रोवेव्हचे दार बंद, आतला दिवा मिणमिणता, आणि फेस दिसल्यापासून दार उघडेपर्यंत निकाल लागून गेलेला. म्हणून जी दक्षता चुलीपाशी शिजविताना घेता येते, ती येथे शिजविण्याच्या आधीच घेऊन ठेवावी लागते.

शिवाय या यंत्राचे कूळ ध्यानी घ्यावे. त्याच्या पोटातील मॅग्नेट्रॉन नावाचा जो अवयव लहरी उत्पन्न करतो, त्याचे प्रबळ रूप 1940 साली बर्मिंगहॅम विद्यापीठात सिद्ध झाले ते शत्रूची विमाने हुडकणाऱ्या रडारसाठी. आणि युद्ध संपता संपता, 1945 साली, पर्सी स्पेन्सर हा अमेरिकन अभियंता तशाच एका मॅग्नेट्रॉनपाशी उभा असताना त्याच्या खिशातील खाऊ वितळला, त्यावरून या अवयवाचा स्वयंपाकघराकडे मोर्चा वळला, असे सांगतात. 1947 साली बाजारात आलेले पहिले यंत्र पुरुषभर उंचीचे आणि सुमारे 340 किलो वजनाचे होते. अशा लढाऊ खानदानाच्या यंत्रापुढे आपण 40 ग्रॅम ओट्स ठेवून त्यास पूर्ण जोराची मुभा दिलीत, तर ते शौर्य गाजविणारच. दोष यंत्राचा आहे, आपला नाही, हे मी आईसही वेगळे कळवीत आहे.

उपाय सांगतो. आपण न्याहारीची नेहमीची वाटी वापरलीत असे पंचनाम्यावरून दिसते. ती वाटी ओट्स मोजण्यास उत्तम. शिजविण्यास मात्र लिटरभर पाणी मावेल असा काचेचा किंवा चिनी मातीचा वाडगा घ्यावा, ज्यात अर्धा कप ओट्स आणि एक कप पाणी घातल्यावर जेमतेम पाव वाडगा भरेल. एवढ्याशा जिनसासाठी एवढे थोरले भांडे पाहून आपल्या काटकसरी मनास क्लेश होतील, परंतु वरची ती रिकामी जागा फेसाच्या नावे इनाम दिली आहे असे समजावे. स्टीलचे पातेले किंवा आपली चांदीची वाटी आत जाऊ देऊ नये, ठिणग्या उडतात. चमचाही ढवळून झाल्यावर बाहेर काढावा.

नंतर शक्ती निम्मी करावी. आपल्या यंत्रावर त्यासाठी वेगळी कळ असते, जी बहुतेक घरांत कोणी कधी दाबीत नाही. निम्म्या शक्तीचा हुकूम मिळाला म्हणजे बहुतेक यंत्रे काही सेकंद पूर्ण जोराने चालतात, मग थबकतात, मग पुन्हा चालतात; कान देऊन ऐकल्यास आतली घरघर मध्येच उतरते आणि पुन्हा चढते, ते कळते. त्या विरामात चढलेला फेस मुकाट खाली बसतो. दोन मिनिटांनी दार उघडून तळापासून ढवळावे, पुन्हा दोन मिनिटे द्यावीत, आणि मग काम तहकूब करून वाडगा तसाच आत आणखी दोन मिनिटे राहू द्यावा. उरलेले शिजणे तो स्वतःच्या उष्णतेवर पुरे करतो. दूध घालावयाचे ते यानंतर. शिजविण्यापूर्वी वाडग्याच्या आतल्या काठाला तुपाचे बोट फिरविल्यास बुडबुडे तेथे पोहोचताच फुटू लागतात, हा आईचा दुधाच्या पातेल्याचा उपाय येथेही लागू पडतो. फक्त ते बोट आईने फिरवावे, आपण नव्हे, कारण आपले बोट तुपाच्या बाबतीत उदार आहे आणि डॉक्टरांस ते मंजूर होणार नाही.

जे सांडून वाळले आहे ते सुरीने खरवडू नये. वाळलेले ओट्स भिंतीला चुन्यासारखे धरून बसतात, आणि खरवडले तर आतला रंग आधी निघतो. एका भांड्यात पाणी, लिंबाच्या फोडी आणि एक लाकडी चमचा (नुसते पाणी निवांत तापून एकदम उसळू नये म्हणून) ठेवून यंत्र चार मिनिटे चालवावे, दार पाच मिनिटे उघडू नये, आणि मग ओल्या फडक्याने पुसावे. आतली काचेची थाळी बाहेर काढून भिजत घालावी. तिच्याखाली तीन चाकांचे एक कडे असते. त्यातील एखाद्या चाकाखाली वाळलेली एक कपची जरी राहिली, तरी थाळी दर फेऱ्यास त्याच ठिकाणी लंगडते आणि खडखडते. आपण ‘यंत्रात बिघाड’ म्हणून धाकट्याकडे जी लेखी तक्रार गुदरली आहे, तिचा विषय बहुधा हाच असावा. कारागिरास बोलाविण्यापूर्वी ते कडे धुवावे.

हे किती दिवस चालवावयाचे, असे आपण विचारता. ओट्समधील ज्या विरघळणाऱ्या तंतूमुळे कोलेस्टेरॉल उतरते, तो रोज तीन ग्रॅम पोटात जावा असे मान आहे, आणि आपल्या वाडग्याने त्याची सुमारे निम्मी भरपाई होते. उरलेल्याचा हिशेब डॉक्टर करतील. पोह्यांसंबंधीचा आपला फेरविचाराचा अर्ज त्यांच्याकडेच दाखल करावा, माझ्याकडे तो अधिकार नाही.

चवीविषयी मात्र आमच्या शेजारीणबाईंचा निवाडा निर्णायक मानावा. लापशीत साखर घालणारा माणूस त्यांच्या लेखी परदेशीच. ती मिठानेच खावी, आणि ढवळावी ती लाकडी दांडीने, उजव्या हाताने व उजवीकडूनच, नाहीतर सैतान ओढवतो. पूर्वी येथील घरांत ही लापशी घट्ट शिजवून कपाटाच्या खणात ओतीत आणि निवाल्यावर वड्या कापून कामावर नेत, असेही त्या सांगतात; आपल्या टेबलाचे खण रिकामे झाले आहेत हे ठाऊक असल्यामुळे, हा प्रयोग करू नये अशी आगाऊ विनंती करून ठेवतो. मिठाचा मुद्दा आम्हांस पटला, आणि त्या दिशेने विचार करीत सूनबाईंनी एके सकाळी वर मेतकूट व चमचाभर दही घातले. त्यानंतर नातवाने बशी चाटली, आणि शेजारीणबाईंनी चव घेऊन, हे कोणत्या दुकानात मिळते, अशी चौकशी केली.

सबब, जोशीकाकांची कन्या पुढील महिन्यात इकडे येत आहे तिजबरोबर मेतकूट पाठवावे. आमच्यासाठी अर्धा किलो, आणि शेजारीणबाईंसाठी वेगळा पाव किलोचा डबा, ज्यावर आईने इंग्रजीत ‘मीठ आधीच घातले आहे’ असे स्पष्ट लिहावे.

आईस साष्टांग नमस्कार. धाकट्यास आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
थोरला