आधी वाट दाखवा, मग आराखडा

किनाऱ्यावरच्या जुन्या हॉटेलचं नूतनीकरण निघालं की चर्चा ठरलेली. काच किती, कौलं किती, नवा मजला डोळ्यांत खुपतो का. वास्तुरचनेची माणसं यावर तावातावानं भांडतात आणि त्यांनी भांडावंच. गोव्यात दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावरच्या हॉटेलनं विस्तार केला, तेव्हा गावकऱ्यांनी मात्र एवढंच विचारलं: आमची समुद्रावर जायची वाट कुठे गेली?

हे हॉटेल ऐरंगैरं नाही. ‘सिदाद द गोवा’ची रचना चार्ल्स कोरियांची, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. उतारावरून वाळूकडे जाणारी, झाडांच्या वर फारशी डोकं न काढणारी. आत भिंतींवर खिडक्या, दारं रंगवलेली आणि त्यांच्या शेजारीच खरी खिडकी, खरं दार. कुठलं खरं आणि कुठलं रंगाचं, हे कळायला जवळ जावं लागतं. पंचतारांकित म्हणजे संगमरवर आणि झुंबरं, असं मानणाऱ्या काळात कोरियांनी पाहुण्याला जुन्या गावच्या गल्लीतून हिंडवलं. माझ्या मते आपल्या देशातल्या किनारी हॉटेलांत ही रचना पहिल्या पंक्तीला बसते. आज तिच्या नावात ‘हेरिटेज’ आहे आणि शेजारी ‘होरायझन’ नावाचा मोठा, नवा भाग उभा आहे. चाळिशीतली आधुनिक इमारत वारसा म्हणून मिरवते, यात मला आनंदच आहे. नव्या बांधकामाला माझा विरोध नाही. कोरियांची इमारतही एके काळी नवीच होती.

राग आहे तो वाटेवरून. हॉटेलसाठी इथली जमीन सरकारनं भूसंपादन कायद्याखाली मिळवून दिली. त्या बदल्यात करारात अट घातली, की लोकांना किनाऱ्यावर जाण्यापासून अडवायचं नाही. पुढे हॉटेल वाढलं, वाट अडली आणि प्रकरण कोर्टात गेलं. स्थानिक माणसं आणि गोवा फाउंडेशन ही पर्यावरण संस्था चिकाटीनं लढले. २००० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्यांची बाजू उचलून धरली. २० जानेवारी २००९ ला सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं आणि वाटेच्या जमिनीवरचं विस्तारित बांधकाम पाडायचा आदेश दिला. किनारा, नद्या, जंगलं ही लोकांची ठेव आहे, सरकार तिचं विश्वस्त आहे, मालक नव्हे, हे तत्त्व त्या निकालात स्वच्छ मांडलं आहे.

मग विश्वस्तानं काय केलं? त्याच वर्षी गोवा सरकारनं भूसंपादन कायद्यात दुरुस्ती केली आणि ती मागच्या तारखेपासून लागू केली. बांधकाम वाचलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकलेल्या गावकऱ्याला त्याच्याच विधानसभेनं हरवलं. याला विकास म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

याच कोरियांनी हॉटेलच्याच सुमारास पणजीत कला अकादमी बांधली. कांपालच्या रस्त्यावरून आत शिरा, मांडवाच्या सावलीतून चालत राहा, थेट मांडवीच्या काठावर पोचाल. तिकीट काढून दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात बसणारा रसिक आणि उन्हातून नुसता सावलीला आलेला माणूस, दोघांसाठी एकच वाट. इमारत कितीही मोठी असली तरी पाण्यापर्यंतचा रस्ता मोकळा ठेवता येतो, हे त्यांनी तिथे बांधूनच दाखवलं होतं.   

हा गोव्याचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नका. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे. किनारा नियमन क्षेत्राची २०११ ची अधिसूचना २०१९ मध्ये बदलली, तेव्हा दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरची बांधकामबंदीची रेषा २०० मीटरवरून ५० मीटरवर आली. म्हणजे हॉटेल पाण्याच्या आणखी जवळ येणार आणि त्याच्या कुंपणाआड काय जाणार, हे आत्ताच विचारायला हवं. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जाणारी माणसं किनाऱ्यावर पोचतात ती पायवाटेनंच. ती वाट पिढ्यान्‌पिढ्या पायाखालची, म्हणून कुणी कागदावर आणलेली नसते. कंपाउंड पडल्यावर तलाठ्याकडे धावलं की उत्तर मिळतं, नोंद दाखवा.

तेव्हा माझं मागणं सरळ आहे. किनाऱ्यावरच्या कुठल्याही हॉटेलच्या दुरुस्तीचा किंवा विस्ताराचा प्रस्ताव आला, की दर्शनी भागाची रंगीत चित्रं बाजूला ठेवा. आधी जागेवर जा, गावातल्या जुन्या माणसांना सोबत घ्या आणि डोक्यावर जाळं घेतलेली दोन माणसं शेजारून जातील एवढी वाट मोजा. ती नकाशावर आखा, सातबाऱ्यात ‘इतर अधिकार’ रकान्यात चढवा, त्याची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. त्याआधी एकाही मजल्याला परवानगी देऊ नका.