अनेकवचनी

प्रभू रामचंद्र एकवचनी होते, ही गोष्ट लहानपणापासून कीर्तनकारांच्या मुखातून मी इतक्या वेळा ऐकली होती की तिच्याविषयी विचार करण्याचे कारणच उरले नव्हते. आणि ह्या दैवी सद्गुणाचा इंग्रजी व्याकरणाशी काही संबंध असू शकेल, ही शंका तर वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत मला शिवली नव्हती. ती शिवली तेव्हा नोकरी जाण्याच्या बेतात होती.

आमच्या पिढीचे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेले. बोलण्याच्या क्रियेसाठी इंग्रजांनी ‘से’, ‘टेल’, ‘स्पीक’ आणि ‘टॉक’ अशी चार सख्खी भावंडे ठेवली असून त्यांच्यात रोटीव्यवहार मुळीच नाही, हे ज्ञान आम्हांस मास्तरांनी छडीच्या साहाय्याने करून दिले. खोटे ‘टेल’ करावे, ‘से’ करू नये. प्रार्थना ‘से’ करावी, ‘टेल’ करू नये. परभाषा ‘स्पीक’ करावी. आणि देवघेवीच्या गोष्टी निघाल्या म्हणजे ‘टॉक’वर यावे. असे का, म्हणून कोणी विचारले, तर मास्तर उत्तरादाखल छडीकडे पाहत. वास्तविक आपणही गोष्ट ‘सांगतो’, श्लोक ‘म्हणतो’ आणि खोटे ‘बोलतो’. परंतु ते आईच्या दुधाबरोबर पोटात गेलेले असल्यामुळे त्याचे अजीर्ण होत नाही, आणि इंग्रजी पडले वाघिणीचे दूध.

शब्दांच्या ह्या सोयरीकशास्त्राला पुढे लंडनच्या एका प्राध्यापकाने विद्वानांत प्रतिष्ठा मिळवून दिली. जे. आर. फर्थ हे त्याचे नाव. १९१९ ते १९२८ पर्यंत तो आपल्याकडे लाहोरास इंग्रजी शिकवीत होता. आणि १९५१ सालच्या एका निबंधात त्याने असे प्रतिपादन केले की शब्दाच्या अर्थाचा काही अंश तो नेहमी कोणत्या शब्दांच्या संगतीत वावरतो ह्यावरून ठरतो. ढवळ्याशेजारी पवळा बांधला की वाण नाही पण गुण लागतो, हे आमच्या कुणब्यांना पूर्वीच ठाऊक होते. फक्त त्यावर निबंध लिहिण्याचे त्यांना सुचले नाही.

ह्या सोयरिकींवरून एखाद्या समाजाचा स्वभाव ताडता येतो, असे मला वाटते. इंग्रज हा हाडाचा व्यापारी. तेव्हा तो कोणाची स्तुती करतो तीही ‘पे’ करतो, आणि कोणाकडे लक्ष देतो तेही ‘पे’ करतो. म्हणजे दोन्ही रकमा खर्ची पडतात. भाषण तो ‘डिलिव्हर’ करतो, आणि टपालातील पार्सल व सुइणीच्या हातचे मूल ह्यांनाही तेच क्रियापद लावतो. आम्ही पडलो शिपाईगडी. आम्ही गप्पा मारतो, थापा मारतो, हाका मारतो, टोमणे मारतो, सरकारी कागदावर शेरा मारतो, आणि सभेत उभे राहिलो की भाषण ठोकतो किंवा झोडतो. परंतु खरी मौज वचनाच्या व्यवहारात आहे. आम्ही शब्द देतो आणि मग तो पोपटासारखा पाळतो. इंग्रज मात्र शब्द ‘गिव्ह’ करतो आणि लगेच तोच शब्द ‘कीप’ करतो. दिलेली वस्तू स्वतःजवळच ठेवून घ्यायची आणि वर त्यास सचोटी म्हणायचे, ही करामत ज्यांच्या भाषेला साधली, त्यांना ह्या देशात राज्य मिळाले ह्यात नवल ते काय?

असो. १९४१ साली मी मुंबईच्या एका कचेरीत कारकून होतो. पुलाच्या एका किरकोळ दुरुस्तीचे काम रखडले असता आमच्या रावसाहेबांनी कागदावर इंग्रजीत हुकूम लिहिला, ‘हॅव अ वर्ड विथ द कॉन्ट्रॅक्टर’. मी तत्काळ मक्तेदाराच्या बिऱ्हाडी रुजू झालो. तो मोठा सज्जन गृहस्थ. त्याने चहा दिला, चिवडा दिला, चुन्याचा भाव सांगितला, थोरल्या मुलीच्या स्थळाविषयी माझा सल्ला घेतला, आणि पंधरवड्यात काम उरकून देण्याचा शब्दही दिला. दीड तासाने परतल्यावर मी अहवालाचा मसुदा करावयास बसलो, तेव्हा माझ्यातील सत्यनिष्ठ कारकून जागा झाला. हुकूम एका शब्दाचा होता. प्रत्यक्षात तर हजारो खर्ची पडले होते. सरकारी दप्तरात खोटी संख्या कशी नोंदवावी? म्हणून मी स्वच्छ अक्षरात लिहिले, ‘हुकुमाप्रमाणे आय हॅड वर्ड्स विथ द कॉन्ट्रॅक्टर’, आणि भर म्हणून ‘फॉर वन अँड अ हाफ अवर्स’ असेही जोडले.

रावसाहेब दुसऱ्या दिवशी रजेवर असल्याने कागद परस्पर गोऱ्या साहेबाकडे गेला. ‘वर्ड’ला एक ‘एस’ लागला की संभाषणाचे भांडण होते, ही गोष्ट त्याला मातृभाषेतून ठाऊक होती. मला कॅन्डीसाहेबाच्या १८४७ सालच्या इंग्रजी-मराठी कोशाचे ओझे दप्तरात असूनही ठाऊक नव्हती. सरकारी नोकराने एका मक्तेदाराशी दीड तास भांडावे आणि तेही हुकुमाप्रमाणे, हे वाचून त्याने दोघांकडूनही खुलासा मागविला. तिसऱ्या दिवशी मक्तेदार घाबराघुबरा होऊन माझ्या मेजापाशी आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “भाऊसाहेब, आपलं भांडण झालं कधी? आणि झालं असेल, तर मला आधी कळवायचं तरी!”

रावसाहेबांनी मला पुढ्यात उभे केले.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“होय, रावसाहेब. पण ते खरं आहे. एक नव्हता, पुष्कळ शब्द होते.”

त्यानंतर रावसाहेब जे बोलले ते त्यांनी मराठीत बोलण्याची कृपा केली, आणि शेवट मात्र इंग्रजीत केला, “यू विल हॅव टु ईट युअर वर्ड्स!” इंग्रज चुकला की स्वतःचे शब्द खातो, मराठी माणूस चुकला की दुसऱ्याची बोलणी खातो. दोन संस्कृतींच्या संगमावर उभा असल्यामुळे माझ्या ताटात त्या दिवशी दोन्ही पक्वान्ने पडली. आधी मी बोलणी खाल्ली, आणि मग लेखी खुलाशाने ‘वर्ड्स’ परत घेऊन तेही गिळले.

रात्री घरी आल्यावर ही सारी हकीकत मी पत्नीस सविस्तर निवेदन केली, आणि इंग्रजी भाषा किती बेभरवशाची, की एकवचनी असेतो सलोखा आणि अनेकवचनी होताच कलह, ह्यावर एक छोटेसे भाषणही ठोकले. ती इंग्रजी एक अक्षर शिकलेली नव्हती. पाट मांडता मांडता ती म्हणाली, “त्यात इंग्रजांचं काय विशेष? शब्दानं शब्द वाढला की भांडण होतं, हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं.”

मी तोंड उघडले. ह्यावर उत्तर होते. एक नव्हे, पुष्कळ होती.

“आता आणखी काही बोलायचं आहे, की जेवायला वाढू?” तिने विचारले.

मी त्या दिवसापुरता एकवचनी झालो आणि म्हणालो, “वाढ.”